रविवारचे बल्लवाचार्य

भारतात असेपर्यंत ज्यांनी चहाचं आधणही कधी टाकलेलं नसतं, अशा पुष्कळ मराठी पुरुषांना अमेरिकेत स्वतःचं घर झालं की स्वयंपाकाचा झटका येतो. कुणी मागच्या अंगणात ग्रिल मांडून कणसं भाजतो, कुणी पिझ्झ्यासाठी दगडी लादी विकत आणतो. हे प्रकार त्या मानाने निरुपद्रवी. वॉफलचा झटका मात्र सगळ्या घराला भोवतो, कारण तो येतो रविवारी सकाळी, त्याची तयारी सुरू होते शनिवारी रात्री आणि त्याला प्रेक्षक लागतात. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी घरं भरपूर, त्यामुळे प्रेक्षकांची वानवा नाही. आमच्या ओळखीत असे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे बल्लवाचार्य म्हणतात. ही पदवी आपल्याला कौतुकाने मिळाली, अशी त्यांची समजूत आहे आणि ती मोडायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

आचार्यांचं ब्रीद एकच: सगळं पहिल्यापासून, सगळं घरी. दुकानात वॉफलच्या तयार पिठाचे पुडे मिळतात. पाणी घाला, ढवळा, साच्यात ओता. त्या फळीसमोरून जाताना आचार्य मान फिरवतात. “मैदा, साखर, मीठ आणि बेकिंग पावडर. यासाठी पैसे मोजायचे?” सवाल रास्तच आहे. पंचाईत अशी की पुड्यावरचा बहिष्कार पुड्यापाशी थांबला नाही. मग बाजारचं बटरमिल्क बाद झालं. घरी विरजण लागलं, लोणी निघालं, ताक आलं. ताक किती आंबट आहे ते पाहायला रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या आल्या. ताकातल्या आम्लाची सोड्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी पीठ फुगतं. तेव्हा सोडा किती घालायचा हा म्हणे अंदाजाचा विषय नाही. वहिनी कित्येक वर्षं याच तत्त्वावर ताकातला ढोकळा करत आल्या आहेत. त्यांना पट्टी लागत नाही. “तुझा ढोकळा नशिबाने फुगतो,” असं आचार्य एकदा बोलून गेले. त्यानंतर त्या घरात बराच काळ ढोकळा झाला नाही.

अर्थात ताक-सोड्याचं वॉफल आचार्यांच्या लेखी उमेदवारीचं. खरं वॉफल यीस्टचं. शनिवारी जेवणं आटोपली की कोमट दूध, वितळलेलं लोणी, मैदा, मीठ, चिमूटभर साखर आणि यीस्ट कालवून भांडं ओट्यावर झाकून ठेवायचं. रात्रभरात ते दुपटीने वर येतं. सकाळी त्यात अंडी आणि किंचित सोडा. कुडाळहून लेकीकडे आलेल्या सासूबाईंनी हा सोहळा पाहिला आणि म्हणाल्या, “म्हणजे आंबोळीच की, जावईबापू.” आचार्यांनी त्यांना यीस्ट, जिवाणू, तांदूळ-उडीद, गव्हातलं ग्लुटेन असा सगळा फरक उलगडून सांगितला. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “ते सगळं खरं. पण रात्री कालवलं की सकाळी फुगतं ना? मग आंबोळीच.”

आचार्यांच्या घरी वॉफल ताटात पडण्याआधी त्याचा इतिहास कानी पडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वॉर्टआउट यांना २४ ऑगस्ट १८६९ रोजी चुलीवरच्या वॉफलच्या साच्याचं पेटंट मिळालं, ही तारीख आचार्यांना तोंडपाठ आहे. लग्नाची तारीख त्यांना फोन आठवून देतो. दुसरं पवित्र साल १९६४. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जागतिक प्रदर्शन भरलं. ब्रुसेल्सच्या मोरिस व्हर्मर्श यांच्या कुटुंबाने तिथे स्ट्रॉबेरी आणि फेटलेलं क्रीम घालून वॉफलं विकली आणि अमेरिकेला ‘बेल्जियन वॉफल’चं वेड लागलं. खुद्द बेल्जियममध्ये मात्र असं एकच एक वॉफल नाही. ब्रुसेल्सचं वेगळं: चौकोनी, हलकं, कुरकुरीत. लिएजचं वेगळं: घट्ट कणकेचं, आत साखरेचे टपोरे खडे. हे सांगताना आचार्यांचा आवाज थोडा चढतो.

प्रदर्शनाच्या जागी आता बाग आहे आणि बारा मजली उंचीचा पोलादी पृथ्वीगोल अजून उभा आहे. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आचार्य गाडीत घालून तिथे नेतात. सासूबाईंना खरं तर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहायचा होता. गोलाखाली उभं करून आचार्यांनी त्यांना १९६४ची कथा सांगितली.

“मग आता मिळतात का इथे ती?”

“नाही हो, आता कुठली!”

“मग आपण काय बघायला आलोय?”

रविवारी सकाळी नऊला बोलावलेले पाहुणे दहाला येतात. आचार्य साडेदहाला अंड्यातलं पांढरं फेटायला घेतात. यीस्ट असो नसो, पांढरं वेगळं फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळलं की वॉफलला हलकेपणा येतो. ते पुरेसं घट्ट झालं का, याची परीक्षा म्हणजे भांडं उपडं करायचं. पांढरं जागचं हललं नाही तर पास. ही परीक्षा ओट्यावरही होऊ शकते. आचार्य ती स्वतःच्या डोक्यावर करतात. ती नेहमीच यशस्वी होत नाही, पण पाहुण्यांना दोन्हीकडून आनंद मिळतो. कुणी दबक्या आवाजात “आमचा चातुर्मास आहे हो, अंडं चालत नाही” म्हणालं, की आचार्य क्षणभर डोळे मिटून घेतात. मग दह्यावर भागवतात. पण त्या पाहुण्याला पुढच्या वेळी चातुर्मास संपल्यावर बोलावणं येतं.

साचे तीन आहेत. एक उथळ खळग्यांचा अमेरिकन, एक खोल खळग्यांचा आणि उलटा फिरणारा बेल्जियन, आणि एक बिडाचा, जो उचलायला दोन माणसं लागतात. विजेच्या साच्यावर वॉफल झाल्याचं सांगणारा हिरवा दिवा असतो. आचार्यांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. “दिवा खोटं बोलतो, वाफ खोटं बोलत नाही.” पिठातलं पाणी उडून जाईतो फटीतून वाफ येत राहते. ती मंदावली की कवच तयार झालं असं समजायचं. त्याआधी झाकण उघडलं तर वॉफलचे दोन तुकडे होतात, एक वर चिकटतो, एक खाली. तेव्हा झाकणाला हात लावायचा अधिकार फक्त आचार्यांना. भुकेली मुलं वाफेकडे पाहत बसतात.

त्यात वॉफलं एकावर एक रचायची नाहीत. खालच्याची वाफ वरच्यात शिरते आणि दोन्ही मऊ पडतात. प्रत्येक वॉफल जाळीवर सुटं ठेवायचं, नाहीतर साच्यातून निघालं की तडक खायचं. साच्यात एका वेळी एकच मावतं. परिणामी पहिला पाहुणा खाऊन, चहा घेऊन, चपला शोधायला लागतो तेव्हा शेवटच्या पाहुण्याची बशी रिकामीच असते. मेपल सिरपच्या बाटलीवर आचार्यांची खास नजर असते. मुलाने ती जरा जास्त तिरकी केली की लगेच ऐकू येतं, “एक लिटर सिरपसाठी झाडाचा सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो!” सासूबाईंनी हा वाद आपल्यापुरता मिटवला. त्यांनी वॉफलच्या खळग्यांत लसणाची चटणी भरली.

आचार्यांची सगळ्यात आवडती गोष्ट बुटांची. ओरेगन विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी १९७१च्या सुमारास बायकोच्या वॉफलच्या साच्यात रासायनिक रबर ओतलं. साचा गेला, पण त्यातून बुटाच्या तळव्याची नवी नक्षी निघाली आणि त्यावर नाइके कंपनी मोठी झाली. आचार्य ही गोष्ट संशोधकवृत्तीचं उदाहरण म्हणून सांगतात. लिएजच्या वॉफलमधली साखर वितळून साच्यात काचेसारखी चिकटलेली असते आणि वहिनी ती लाकडी काडीने खळग्याखळग्यातून उकरत असतात. खरवडायची सोय नाही. वरचा लेप जातो. एकदा त्या मान वर न करता म्हणाल्या, “त्या बाईचा साचा गेला, पण निदान पुन्हा घासावा तरी लागला नाही.”

मुलांनी आपला मार्ग शोधला आहे. फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या पाकिटांमागे एगोच्या गोठवलेल्या वॉफलांचा खोका असतो. शाळेच्या दिवशी ती टोस्टरमध्ये टाकतात आणि बस यायच्या आत संपवतात. नारळाच्या मागे आचार्य कधीच हात घालत नाहीत, हे त्या घरातलं सर्वांत जपलेलं गुपित आहे.

हे सगळं ऐकून वाटेल की त्यांचं वॉफल बिघडत असेल. बिघडलं असतं तर प्रश्न केव्हाच सुटला असता. ते उत्तम होतं, हीच अडचण. वरून कडक, आतून जाळीदार, यीस्टचा किंचित आंबूस वास, लोण्याची चव. खोक्यातलं वॉफल त्याच्या जवळपासही येत नाही. पहिल्या घासाला सगळा राग विरघळतो आणि पाहुणे पुढच्या रविवारचं आमंत्रण घेऊन घरी जातात. आचार्यांचा दोष पाककृतीत नाही. ते सगळं पहिल्यापासून करतात, शेवटपर्यंत मात्र करत नाहीत. त्यांची कृती वॉफल ताटात पडलं की संपते. ओट्यावरचा मैदा, अंड्याची भांडी आणि तिन्ही साचे त्या कृतीत येतच नाहीत.

तेव्हा अशा घरी तुम्हाला आमंत्रण आलं तर जरूर जा, फक्त थोडं खाऊन जा. ‘हे कसं केलंत?’ असं विचारू नका. आणि हा झटका तुमच्याच घरात कुणाला आला, तर साचा खुशाल घेऊ द्या; पण तो घासायचा कुणी, हे दुकानातच ठरवून घ्या.