चार गुणांचे रसग्रहण

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाला, म्हणजे कविता वाचून मनावर झालेला परिणाम सकारण मांडण्याला, चार गुण असून, शीर्षक, आशय, भाषा व अलंकार आणि शेवटी स्वतःचे मत असा क्रमही ठरलेला असल्यामुळे, आपले मत नेमके केव्हा सुचावे याविषयी विद्यार्थ्याची गैरसोय होत नाही. हे स्वतःचे मत बाजारातील गाइडात छापील मिळते. कविता युद्धाची असो वा झाडाची, ती प्रेरणादायी असते आणि परीक्षार्थीला ती मनापासून आवडलेली असते. कविता न आवडल्याचे नमुना उत्तर सहसा कोणी छापत नाही.

2020 साली आलेल्या ‘युवकभारती’ या बारावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात कादंबरी या वाङ्मयप्रकाराला स्वतंत्र विभाग मिळाला आणि कॉनन डॉयल यांची ‘द साइन ऑफ फोर’ उताऱ्याच्या रूपाने वर्गात अवतरली. मात्र गाइडातील सारांश आधी वाचणाऱ्याला रहस्य अगोदरच कळलेले असल्याने, कादंबरीतला गुप्तहेर होम्स जे सूक्ष्म निरीक्षणाने शोधतो ते त्याला पाठांतराने साधते. प्रश्नपत्रिकेच्या लेखनकौशल्य विभागात मुलाखतीसाठी आठ-दहा प्रश्न तयार करण्याचाही एक पर्याय असतो, आणि तो लोकप्रिय असल्यास नवल नाही, कारण त्यात मुलाखत प्रत्यक्ष घ्यावी लागत नाही. समोरच्या व्यक्तीने इंग्रजीत उत्तर दिल्यास पुढे काय बोलावे, हा भाग लेखी परीक्षेच्या 80 गुणांत येत नाही.