पाहुणचार, पण उभ्याने

यॉर्कशरच्या डोंगराळ भागातील त्या पबच्या दारावरची तुळई अशा बेताने बसविलेली होती की, मस्तक लववल्यावाचून कोणाही साहेबाला आत पाऊल टाकता येऊ नये. मी मात्र, इंग्रजी कादंबऱ्यांच्या दीर्घ व्यासंगातून आलेल्या ऐटीने, ताठ मानेने आत शिरलो, आणि माझ्या उंचीला त्या तुळईने वाकण्याइतकीही किंमत दिली नाही, ही गोष्ट मनातल्या मनात दप्तरदाखल करून ठेवली.

येथे बसल्या जागी कोणी विचारावयास येत नाही, आपणच फळीपाशी जाऊन मागावे आणि दाम तिथल्या तिथे मोजावे लागतात, शिवाय रांग दिसत नसली तरी कोणाच्या आधी कोण आले याची बिनचूक बारनिशी पेय ओतणाऱ्या बाईच्या डोक्यात असते, हे सारे मला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असल्याचे चेहऱ्यावर दिसावे म्हणून चाललेली माझी खटपट पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तो कुत्रा आपल्या आधी आलाय. त्याला घेऊ द्या."

इतक्यात त्या बाईने मला विचारले, "काय देऊ, लव्ह?" परक्या मुलखात, प्रथमदर्शनीच, एका अपरिचित स्त्रीच्या मुखातून असे संबोधन निघावे यात माझ्या व्यक्तिमत्त्वाचा काही अंश असणार, असा माझा ग्रह दृढ होतो न होतो तोच, तिने तेच संबोधन शेजारच्या चिखलाने माखलेल्या मेंढपाळाला आणि अखेरीस त्याच्या कुत्र्यालाही बहाल केले. मग पंपाचा दांडा ओढून तिने पाइंट, म्हणजे 568 मिलिलिटर, काठोकाठ भरला. तळघरातील गारव्यावरच ठेवलेली ती बिअर मला कोमट वाटली. पण तसे बोलणे माझ्या व्यासंगाला शोभले नसते.

पबच्या पाट्या हा माझा हळवा विषय, तेव्हा येथे वाचकांनी थोडी गय करावी. 1393 साली दुसऱ्या रिचर्ड राजाच्या अमलात फर्मान निघाले की, विक्रीसाठी एल, म्हणजे त्या काळची बिअर, बनविणाराने दारावर निशाणी टांगलीच पाहिजे, नपेक्षा माल जप्त. एलची चव घेऊन प्रत ठरविणाऱ्या अंमलदाराला ठिकाण सापडावे हा हेतू. (या हुद्द्याचा राजीनामा कोणी दिला असेल, असे मला वाटत नाही.) रयत निरक्षर, म्हणून निशाण्या चित्रांच्या. रिचर्डचे स्वतःचे चिन्ह पांढरे हरीण; 1399 साली चुलतभावाने त्याचे तख्त बळकावले, तरी ते हरीण गावोगावच्या पबांवर आजतागायत झुलते आहे. पुढे 1651 साली वूस्टरच्या लढाईत पराभूत झालेला दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओक वृक्षावर लपून बसला, आणि त्या पलायनाचे स्मारक म्हणून 'रॉयल ओक' नावाचे पब देशभर निघाले. आमच्याकडे एखाद्या राजाला असा झाडावर बसवून त्याखाली पेले भरू म्हटले, तर पाटीचा रंग वाळण्यापूर्वी मोर्चा निघेल.

मेंढपाळाने सरकून बाकावर जागा करून दिली, आणि मला एकदम राग आला. याच लोकांनी मुंबईत यॉट क्लब काढला आणि एतद्देशीयांना त्याची दारे बंद ठेवली. हा रोग त्यांना आमच्या जातिव्यवस्थेतून जडला, अशी माझी सोयीची समजूत होती. परंतु येथेही पूर्वी कामकऱ्यांचा पब्लिक बार निराळा आणि प्रतिष्ठितांचा सलून बार निराळा, आणि सलूनमध्ये बिअरला दाम अधिक. दाराची कडी त्यांनी घरूनच आणली होती. या पबातली मधली भिंत आता पाडलेली आहे. फरशीवर उरलेल्या तिच्या खुणेवर मेंढपाळाचे बूट होते. "तुमच्याकडच्या मेंढ्या कशा असतात?" त्याने आस्थेने विचारले. हरणाचे आणि ओकचे पुराण ज्याला मुखोद्गत, त्या माझे धनगरांविषयीचे ज्ञान एका वाक्यात आटोपले, आणि त्यातही मेंढ्या नव्हत्याच.

येथे बक्षिसी देत नाहीत. "आणि एक तुमच्यासाठी" असे म्हणायचे असते. हे वाक्य मी तरुणपणापासून घोकून ठेवले होते, ते त्या रात्री निष्कारण खर्जात उच्चारून माडीवरच्या, एका अंगाला कललेल्या, खोलीत निजावयास गेलो. सकाळी खोलीच्या हिशेबाचा कागद वाचता वाचता सौभाग्यवतींनी विचारले, "हा जास्तीचा पेला कोणासाठी?" मी इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाकडे वळलो, आणि त्या सामान बांधण्याकडे.