ठेकेदार पळून गेला, असं सांगणाऱ्याला

तुझं नाव मला माहीत नाही. दर वेळी तू वेगळं सांगतोस, म्हणून मायन्यात नाव घालत नाही. नमस्कारही लिहीत नाही.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, दुचाकीचा वेग जिथे आपोआप कमी होतो तिथे तू उभा असतोस. शेजारी बाई, तिच्या खांद्यावर झोपलेलं मूल, पायाशी पिशवी. "ताई, मराठी समजतं का?" हा तुझा पहिला प्रश्न. समजतं म्हटलं की माणूस अडकलाच. एवढ्या गर्दीत हा बिचारा आपल्या भाषेचं कुणीतरी शोधतोय असं वाटतं आणि गाडी कडेला लागते. मग तू एका दमात सांगतोस: जालन्याकडून बांधकामावर आलो, ठेकेदार पळून गेला, मजुरी बुडाली, पोराच्या पोटात सकाळपासून काही नाही, स्वारगेटला जाऊन गाडी धरायचीय, तिकिटापुरते द्या, तुमचा नंबर द्या, गावाला पोचलो की परत पाठवतो. रोख नसतील तर फोनवर टाका, हेही आता त्यात आलं आहे. काही महिन्यांनी कर्वे रस्त्यावर तूच भेटलास. तीच बाई, तीच पिशवी. गाव परभणी झालं होतं. आणि मूल दुसरं होतं.

तुला दिलेले शंभर-दोनशे रुपये परत मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. ते गेले. त्याशिवाय तू जे नेलंस ते माझं नव्हतंच, त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

आधी मुलाबद्दल. भर दुपारी, हॉर्नच्या कल्लोळात, उन्हात, दोन-तीन वर्षांचं पोर तासन्‌तास असं गाढ कसं झोपतं, हे मी तुला विचारलं तेव्हा तू बाईला खूण केलीस आणि दोघं रस्ता ओलांडून गेलात. उत्तर मिळालं नाही, म्हणून कायदा सांगते. भीक मागण्यासाठी मुलाचा वापर करणं हा बाल न्याय अधिनियम, 2015च्या कलम 76खाली गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड. ते पोर तुझं असो, बाईचं असो की कुणाकडून दिवसापुरतं आणलेलं असो. त्या दिवशी तू गर्दीत शिरल्यावर मी मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, 1098ला फोन लावला. पुन्हा दिसलास तर पुन्हा लावीन, आणि माणसं येईपर्यंत तुझ्या शेजारी उभी राहीन. तुझ्या सगळ्या बोलण्यात ज्याने एक शब्दही खोटा सांगितलेला नाही असं तिथे ते पोर एकटंच असतं.

आता तुझ्या गोष्टीबद्दल. जालन्याला जायला स्वारगेटला कशाला जायचं? जालना-संभाजीनगरच्या गाड्या वाकडेवाडीच्या स्थानकावरून सुटतात. तू तिघांच्या पूर्ण तिकिटाचा हिशेब सांगतोस. 17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि एवढ्या लहान मुलाला तर तिकीटच पडत नाही. जालन्या-परभणीकडच्या कुठल्याही बाईला विचार. माहेरी जायचं, दवाखान्यात जायचं, बाजाराला जायचं, त्या अर्ध्या तिकिटावर तिचा सगळा हिशेब बसलेला असतो. जो खरंच एसटीने गावाकडे जातो तो हे विसरू शकत नाही. हे छापून आलं की तू आपल्या गोष्टीतली ही दोन भोकं बुजवशील, हे मला कळतं. तरी लिहिते. वाचणाऱ्यांनाही ते कळायला हवं.

एक भोक मात्र तुला बुजवता येणार नाही. ज्या माणसाची मजुरी खरोखर बुडते, त्याला ठेकेदाराचं नाव विचारावं लागत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी असा एक माणूस आला होता, नांदेडकडचा. त्याने पैसे मागितलेच नाहीत. फोन चार्ज करू द्याल का, एवढंच मला विचारलं. बोलणं सगळं विस्कळीत. मध्येच साइटवरच्या पत्र्याच्या खोलीबद्दल, मध्येच बहिणीच्या लग्नाबद्दल, मग परत ठेकेदार. त्या ठेकेदाराचं नाव, आडनाव, त्याची गाडी, ती कुठे लागते, त्याच्या बायकोच्या भावाचं दुकान, सगळं त्याला तोंडपाठ होतं, आणि प्रत्येक नावामागे एक शिवी होती. शिवी दिली की तो माझ्याकडे बघून ओशाळत होता. किती दिवसांचे पैसे अडकलेत हे त्याने बोटांवर मोजून सांगितलं. तिकिटाचा आकडा त्याला सांगता आला नाही, कारण तिथपर्यंत त्याचं डोकं पोचलंच नव्हतं. तुझ्या गोष्टीत ठेकेदार आहे, पण त्याला नाव नाही. तुला कधी त्याचा राग आलेला मी पाहिला नाही.

आमच्या वॉचमनने त्या माणसाला फाटकातून हाकललं होतं. का, माहीत आहे? तुझ्यामुळे. त्याच्या दोन आठवडे आधी तुझा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला होता. "ठेकेदार पळून गेला म्हणणाऱ्यांपासून सावध", खाली भडक लाल खुणा. मग हा माणूस आला आणि त्याने वॉचमनपुढे तोंड उघडून पहिलं वाक्य म्हटलं ते हेच, की ठेकेदार पळून गेला. त्याच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं, कारण तेच खरं घडलं होतं. ते तू आधीच वापरून टाकलं होतंस. रस्त्याच्या पलीकडे पानटपरीशी तो बसलेला मला दिसला म्हणून पुढचं घडलं. तो मला दिसलाच नसता तर?

तू जालन्याचं नाव घेतोस. मे 2020मध्ये टाळेबंदीत काम बंद पडलेले मजूर जालन्याहूनच निघाले होते. मध्य प्रदेशातली माणसं, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाली. रात्री थकून रुळांवरच आडवी झाली, गाड्या बंद आहेत असं समजून. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्यांचा तो फोटो सगळ्या देशाने पाहिला. 1979पासून या देशात आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. मजुराला घरून कामावर आणण्याचं आणि कामावरून घरी पाठवण्याचं भाडं ठेकेदाराने द्यावं, असं त्यात लिहिलेलं होतं. कागदावर त्यांचा परतीचा खर्च चाळीसेक वर्षं मंजूर होता आणि ती माणसं चालत निघाली.

परतीच्या तिकिटाची गोष्ट ही अशी आहे. मजुरी बुडवून पळणारे ठेकेदार खरे आहेत. गावापासून शेकडो किलोमीटरवर खिशात काही नसलेली माणसं खरी आहेत. अशा माणसाच्या हातात शेवटी एकच गोष्ट उरते: अनोळखी माणसासमोर उभं राहून आपल्यावर काय ओढवलं ते सांगायचं आणि त्याने ऐकून घ्यावं अशी आशा धरायची. कोर्ट दूर, कामगार आयुक्तांचं कार्यालय त्याला ठाऊक नाही, पोलीस आधी त्याच्याकडेच आधार कार्ड मागणार. ते ऐकून घेणं तू संपवत आणलंस. विहिरीवर पहिला पोचलेला माणूस दोर कापून घेऊन जावा, तसं तू केलंस.

तूही गरीब असशील. असशीलच; चांगल्या स्थितीतला माणूस उन्हात दिवसभर उभा राहत नाही. तर मग तेच सांग ना. काम नाही, मिळत नाही, करवत नाही, दारू सुटत नाही, जे असेल ते. मागण्याची लाज बाळगावी असा हा प्रदेश नाही. इथे वासुदेव दारात येऊन मागत आला. याच पुण्यात गरिबाघरची मुलं माधुकरी मागून आणि वारावर जेवून शिकली. आषाढीच्या वाटेवर कुणाचं गाव, कुणाची जात न विचारता वारकऱ्याला पंगतीत बसवतात. सरळ मागणाऱ्याला मी आजवर नाव ठेवलेलं नाही. तू दुसऱ्याचं दुःख पांघरून मागतोस, माझं भांडण त्याच्याशी आहे.

आणि शिक्षा कुणाला होते ते बघ. 1959चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. त्याखाली वॉरंटाशिवाय पकडता येतं आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबता येतं. नुसतं रस्त्यावर गाणं म्हणून हात पुढे केला, किंवा जगण्याचं साधन दिसत नसताना फिरत राहिलं, तरी त्या व्याख्येत माणूस बसतो. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018ला त्यातली गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे ती आहेत. मोहीम निघाली की गाडीत कोण भरलं जातं? देवळाच्या पायरीवरची म्हातारी, जिला उठून पळता येत नाही. तू तर सिग्नल हिरवा व्हायच्या आत नाहीसा होतोस.

तुझ्यामुळे सगळ्यात जास्त सुखावले ते न देणारे. पूर्वी त्यांना "सुटे नाहीत" म्हणावं लागे आणि म्हणताना नजर चुकवावी लागे. फोनवरून पैसे जायला लागल्यापासून ती सबब गेली होती. तू त्यांना नवी सबब दिलीस. आता ते नजर चुकवत नाहीत, ताठ मानेने सांगतात की ही सगळी टोळी असते, देऊच नये. तुझा एक व्हिडिओ त्यांना जन्मभर पुरतो. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर बिहार-बंगालपासून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात, धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत. त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट असतात, कुणी विचारलं की ते उघडून दाखवतात. तिथेही मी माणसांना तो कागद खरा की खोटा ते उन्हाकडे धरून बघताना पाहिलं आहे. समोर केमोने केस गेलेली बाई बसलेली आणि हा शिक्का बघतोय. त्या माणसाला असं बघायला कुणी शिकवलं? तू आणि तुझ्यासारख्यांनी.

मी काय करते ते तुला सांगून ठेवते, म्हणजे माझ्या वाटेला येताना तुला माहीत असेल. मी थांबते. थांबायचं नाही असं मी ठरवणार नाही, तेवढा विजय तुला मिळणार नाही. गाडी बाजूला लावते आणि घाई न करता विचारते: ठेकेदाराचं नाव काय, साइट कुठली, सोबत कोण होतं, गावात फोन कुणाला लावू. खऱ्या माणसाला हे प्रश्न आवडतात. इतक्या दिवसांत कुणी विचारलेलंच नसतं, तो बोलत सुटतो. गावाकडे फोन लागला की पलीकडून बाईचा आवाज येतो आणि ती आधी रागावते, मग रडते. त्यानंतर मी पैसे हातात देत नाही, तिकिटाच्या खिडकीशी जाते. भूक लागली असेल तर आधी खाणं. म्हातारं माणूस, आजारी माणूस, एकटी बाई असेल तर प्रश्नही विचारत नाही, देते. त्यात कधी फसेन. ती रक्कम मी आधीच बाजूला धरलेली आहे, मला त्याचं वाईट वाटत नाही. नांदेडच्या त्या माणसाला हाकललं गेलं त्याचं वाटतं, अजून वाटतं.

त्याला आम्ही वाकडेवाडीला गाडीत बसवलं. बुडालेल्या मजुरीसाठी कामगार आयुक्तालयात अर्ज करायचा म्हणून मी त्याच्याकडून सगळा तपशील लिहून घेतला आणि तो अर्ज केला. त्यावर पुढे काही झालेलं नाही. ठेकेदार सापडत नाही म्हणतात. त्याचं नाव, गाडी आणि मेहुण्याचं दुकान अर्जात लिहिलेलं आहे. मी दर महिन्याला जाऊन विचारते.

तू पुन्हा रस्त्यात दिसलास तर मी तुलाही ठेकेदाराचं नाव विचारीन. सांगितलंस, आणि ते खरं निघालं, तर तुझाही अर्ज मी त्याच टेबलावर नेऊन देईन.