पोर्ट्समथ सिन्फोनिया: पात्रतेचे निकष

पोर्ट्समथ सिन्फोनिया हा वाद्यवृंद 1970 मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या कला महाविद्यालयात संगीतकार गॅव्हिन ब्रायर्स आणि विद्यार्थ्यांनी स्थापन केला. प्रवेशाची अट कडक होती: उमेदवाराला वाद्य वाजवता येता कामा नये. येत असल्यास त्याने न येणारे हाती घ्यावे. मात्र तालमी चुकवायच्या नाहीत आणि मुद्दाम बेसूर व्हायचे नाही. बेसूरपणा प्रामाणिकच हवा. (इतरत्र हा नियम अलिखित असतो.) संगीतकार ब्रायन ईनो येथे क्लॅरिनेट वाजवत. रचना ‘ब्लू डॅन्यूब’सारख्या सर्वपरिचित निवडत, मूळ चाल श्रोत्यांनाच पाठ असल्याने वादकांचा भार निम्मा होई. 1974 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. तेथे पोहोचण्यासाठी इतर लोक उगाच वर्षानुवर्षे रियाज करतात. वाद्य न येण्याचा हा निकष विद्यापीठांनी स्वीकारल्यास संगीताची पदवी प्रवेशाच्या दिवशीच देता येईल, आणि काही शिकल्याचे आढळल्यास परत घेता येईल. सिन्फोनियावरही हे संकट आलेच: सततच्या तालमींनी काहींचा हात बसू लागला. 1979 नंतर जाहीर कार्यक्रम थांबले.