रात्री दोनचा भात

रात्री दोन वाजता आई माजघरातून ओरडली, "भात कुणी लावलाय गं एवढ्या रात्री?"

त्यातलं ते "गं" माझ्या बायकोला लागलं, आणि पुढचे चार दिवस घरात भाताऐवजी त्या "गं"चीच चर्चा झाली. वास मात्र खरा होता. आंबेमोहोराचा, कुकरची शिट्टी उचलल्यावर येतो तसा पहिल्या वाफेचा. गॅस बंद, कुकर घासून पालथा घातलेला, आणि वास येतोय माळ्यावरून.

आमचं घर जुन्या पनवेलात, कौलारू. आजूबाजूला सात-सात मजले उठले, आमचे उठायचेत. बिल्डर येतो, चहा पितो, "दिवाळीनंतर बघू" म्हणून जातो. कुठली दिवाळी ते विचारायचं आम्ही सोडून दिलंय.

वासापाठोपाठ आवाज सुरू झाला. कुणीतरी वजनदार गृहस्थ मोजे घालून माळ्यावर शतपावली करतायत, असा. बाबा कूस न बदलता म्हणाले, "उंदीर." बाबांना कुठलाही आवाज उंदराचाच वाटतो. २००५च्या पुरात पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हाही त्यांचं पहिलं निदान तेच होतं.

शेजारच्या काकूंचं निदान जास्त खोल होतं. सकाळी कढीपत्त्याच्या निमित्तानं आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या सासूबाईंना आंबेमोहोरच लागायचा ना?"

आई निवडता-निवडता म्हणाली, "लागायचा. पण चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः लावलेला मी पाहिला नाही. आता गेल्यावर कुठून लावतील?"

भुताचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. उरलो मी.

डोक्याला हेल्मेट, एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात डास मारायची रॅकेट अशा थाटात मी शिडी चढलो. माळ्यावर आजीचा पाळणा, तीन फुटके माठ, १९९८ पासूनची दिवाळी अंकांची थप्पी, आणि त्या थप्पीवर बसून माझ्याकडे बघणारे दोन डोळे. मांजरापेक्षा लांब, मुंगसापेक्षा जाड. राखाडी अंगावर काळसर पट्ट्या, डोळ्यांवर चोरासारखा काळा बुरखा आणि अंगाएवढीच लांब शेपूट. पुढच्या पायांत आमच्याच पपईची फोड. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, रॅकेटवर क्षणभर नजर ठेवली आणि "फिस्स्" केलं. रागानं नव्हे. बँकेत जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी गेल्यावर आतला माणूस करतो, तसं.

मी जागच्या जागी थिजलो. तोंड उघडं, आवाज बंद. खालून आईची हाक आली, "आहेस का गेलास?"

न्यू जर्सीतल्या बहिणीला हे सांगितलं, तर तिला हसू आवरेना. तिच्या कचऱ्याच्या डब्यात म्हणे ऑपॉसम येतो. झाकण उघडलं की तो आडवा होतो, जीभ बाहेर, लाळ गळतेय, मागून कुजका वास. ती पहिल्यांदा रडली होती. खड्डा खणायला नवऱ्याला पाठवलं, तो फावडं घेऊन येईपर्यंत मयत कुंपणापलीकडे. या प्राण्यात मादीच्या पोटाला पिशवी असते आणि सगळ्यांच्याच तोंडात पन्नास दात. एवढे दात असून तो मरून दाखवतो, आणि तेही ठरवून नाही. भीतीनं त्याचं शरीरच बंद पडतं, कधी काही मिनिटं, कधी काही तास. "तुमच्याकडचा पण मेल्याचं सोंग घेतो का गं वहिनी?" तिनं विचारलं. बायको म्हणाली, "नाही. आमच्याकडे ते काम तुझा दादा करतो."

शेवटी एका सर्पमित्राला बोलावलं. पनवेलात सर्पमित्रांना उसंत नसते. कर्नाळ्याचं जंगल हाकेच्या अंतरावर, त्यात डिसेंबर २०२१मध्ये इथल्याच फार्महाउसवर सलमान खानला साप चावला. साप बिनविषारी निघाला, पण बातमी देशभर गेली. तेव्हा महिनाभर आम्हाला नातेवाइकांचे फोन : "तुमच्याकडे पण साप आहेत का?" बाबा सगळ्यांना सांगायचे, "नाही, उंदीर."

पोरगा विशीतला. माळ्यावर डोकावला, हुंगलं आणि म्हणाला, "कांडेचोर आहे, काका."

म्हणजे उदमांजर. पेपरवाले त्याला मसण्याऊद म्हणतात, कारण ते मढी उकरतं अशी जुनी समजूत. प्रत्यक्षात स्वारी फळं, किडे, उंदीर आणि सापडलीच तर माडावरची ताडी यांवर गुजराण करते. भाताचा वास त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथींतून येतो. बंगाली लोकांनी त्याला गंधगोकुल असं देवघरात शोभेलसं नाव दिलंय. आम्ही मसणात नेऊन ठेवलं.

पण खरा अन्याय शास्त्रज्ञांनी केला. त्या ग्रंथी नरातही असतात, मादीतही, आणि दिसतात वृषणांसारख्या. १७७७मध्ये पल्लास नावाच्या जर्मन पंडितानं त्या पाहिल्या आणि प्राण्याचं नाव ठेवलं हर्माफ्रोडायटस, म्हणजे उभयलिंगी. पुढे दुसऱ्या पंडितानं पॅराडॉक्सुरस हे आडनाव जोडलं : विरोधाभासी शेपूटवाला. एकानं घाईत पाहिलं, दुसऱ्यानं शेपटीवरून कोडं घातलं, आणि अडीचशे वर्षं हे बिचारं ते नाव मिरवतंय. रेशनकार्डावर नाव चुकलेल्या माणसालाच हे दुःख कळेल.

"घेऊन जा मग," मी म्हणालो.

"असं नाही नेता येत. वन्यजीव कायदा आहे, १९७२चा. वनखात्याला कळवावं लागतं, १९२६वर. आणि काका, आत पिल्लं आहेत. तीन तरी. मोठी झाली की आपोआप जातील. मग भोक बुजवा."

आमच्या बाहेरच्या खोलीतला भाडेकरू काढताना बाबांनी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याची पारायणं केली होती. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे हा त्याच्यापेक्षा सत्तावीस वर्षं जुना कायदा?" आणि मान डोलावून पेपर वर धरला. हरल्याची खूण आम्ही ओळखतो.

मेहुणा मात्र पेटला. याच जातीच्या प्राण्यानं खाऊन बाहेर टाकलेल्या बियांची कॉफी इंडोनेशियात सोन्याच्या भावानं विकली जाते, हे त्यानं मोबाइलवर वाचलं होतं. रविवारी सकाळी तो टाकीजवळ काडीनं उकरत बसला. हाती लागल्या पपईच्या बिया, शंभर टक्के पपईच्या. "बाजारपेठ तयार करावी लागेल," म्हणाला. बायकोनं त्याला चहा दिला तेव्हा त्यानं कपात आधी वाकून पाहिलं.

मधल्या काळात पिल्लं आढ्यावरून एकमेकांच्या शेपट्या ओढत पळायला लागली. एक दिवस फळीच्या फटीतून एक पिल्लू थेट देवघरासमोर पडलं. आईनं त्याच्यावर परडी पालथी घातली, संध्याकाळी काळजीपूर्वक शिडीवर नेऊन ठेवली आणि खाली येऊन हात धुतले. त्यानंतर फळांच्या टोपलीतली केळी कमी होऊ लागली. बाबा म्हणाले, उंदीर. आईनं पहिल्यांदाच त्यांना दुजोरा दिला.

पावसाच्या तोंडावर माळा शांत झाला. सुतार आला, पत्रा ठोकून भोक बुजवून गेला. आठवडाभर घर इतकं गप्प होतं की बाबांना झोप येईना.

मग एका रात्री, बाहेर पाऊस धरलेला, कौलांवर मोजे घातलेली पावलं उमटली. सुतारानं एक भोक बुजवलं होतं. घर ऐंशी वर्षांचं, भोकांना काय तोटा! हळूहळू वास उतरायला लागला, आंबेमोहोराचा.

आई झोपेतच पुटपुटली, "झाकण ठेव गं त्यावर."

बायको अंधारात उठून बसली. "पुन्हा गं?"