एकावन्नले टेकू नको बापा

कोंढ्याला गुरुजींच्या बैठकीत पाठ टेकायची सोय नाही. सोफा ऐसपैस, त्यावर रंगीत उशा, पण माणूस जरा मागे रेलला की आतून आवाज येतो, "एकावन्नले टेकू नको बापा!"

उशांना सालावरून नावं आहेत. मुलानं पुण्याहून खोळी पाठवल्या आणि फोनवर त्या नक्ष्यांचा इतिहासही सांगितला, तिथं तो चुकला. गुरुजींनी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला आहे. सनावळीपायी माझ्या तळहातावर उठलेले वळ मला अजून तोंडपाठ आहेत.

एकावन्न म्हणजे लुसिएन डे यांचं 'कॅलिक्स', 1951 च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये गाजलेलं. बारीक काड्यांवर उभे कटोरे. काकूंना त्यात नुसत्या पळ्या दिसतात. बावन्न म्हणजे अलेक्झांडर जिरार्ड यांचे त्रिकोण. 1952 साली त्यांनी हर्मन मिलर कंपनीचं कापडखातं हाती घेतलं, हे कोंढ्याच्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे. त्याला बिचाऱ्याला फक्त हिशोब हवा होता. जावई आले की प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. मांजरीनं एकावन्नवर पिलं घातली, तर गुरुजींनी वहीत तारीख टिपून ठेवली.

मी एकदा म्हटलं, "गुरुजी, हे त्रिकोण तर आपल्या करवती काठासारखे. आंधळगावकडचे कोष्टी कोशाच्या लुगड्याला तीन धोट्यांनी विणतात, तसे."

"कोणी काढली ती नक्षी? कोणत्या साली?"

मी गप्प. साल नाही, तर टेकायला मनाई तरी कशी करणार? असलं लुगडं नेसून विरतं आणि मग गोधडीत जातं.

पुढं कुठंसं वाचलं, की 1955 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भारतीय कापडांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि त्याची मांडणी याच जिरार्डनी केली होती. धावत जाऊन सांगितलं. गुरुजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंच्या जुन्या कोशाच्या लुगड्याची खोळ शिवून आली. नाव पंचावन्न.

"माह्या लुगड्याले आता मीच टेकू नको काय जी?" काकूंनी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

यंदा रोवण्यात धुऱ्यावरून घसरलो आणि कंबर धरली. त्याच अवस्थेत गुरुजींकडे गेलो, सवयीनं सोफ्याच्या काठावर बसलो. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, उठले, आणि पंचावन्न माझ्या पाठीशी सरकवलं. आधी डोक्याला तेल नाही ना, ते मात्र वास घेऊन पाहिलं.

"टेक. पण साल सांग."

त्या बैठकीत हल्ली कोणी फारसं फिरकत नाही. दूधवालासुद्धा फाटकातूनच पिशवी देतो. कोशाचा तो खरखरीत मऊपणा पाठीला लागला होता, घरी जायची घाई नव्हती.

"सत्तावन्न," मी म्हणालो.

गुरुजी खुर्ची पुढं ओढून बसले.