मोसमकाका

डोंगर चढणाऱ्यांच्या प्रत्येक गटात दोर वाहणारा एक असतो, फोटो काढणारे चार असतात आणि मोसम ठरवणारे एक काका असतात. त्यांचं खरं नाव बँकेच्या पासबुकात असेल. गटात ते मोसमकाका. वय पंचावन्नच्या पुढे, पोटऱ्या मात्र अजून पंचविशीतल्या. मुक्काम भूगाव किंवा भुकूम. कोथरूडचा फ्लॅट विकून ते मुळशी तालुक्यात आले, कारण इथून डोंगर जवळ पडतात. डोंगर खरंच जवळ आले; पौड रस्त्याच्या कोंडीमुळे चांदणी चौक तेवढा लांब गेला.

कातळ चढायला गाडी काढून कुठेतरी जायचं, तर प्रश्न दोनच: कुठे आणि कधी. काका पहिला प्रश्न दुसऱ्यावर ढकलतात आणि दुसरा पहिल्यावर. "ठिकाण सांगा, मी मोसम सांगतो." ठिकाण सांगितलं की, "ते तुम्ही कधी जाणार त्यावर आहे." या दोन वाक्यांच्या मधल्या खिंडीत आमच्या गटाचे कित्येक हिवाळे गेले.

एवढ्यावरून काका टाळाटाळ करतात असं कुणी म्हणेल, तर तो त्यांच्याशी कधी वादाला बसलेला नाही. काकांची एकही हरकत खोटी नसते, आणि खरा त्रास तोच आहे. थापा मारणाऱ्याला उघडं पाडता येतं. बरोबर बोलणाऱ्याचं काय करायचं?

बदामी म्हणा. लाल वालुकाश्म, बोल्ट ठोकलेले मार्ग, शेजारी चालुक्यांची लेणी. मोसम डिसेंबर-जानेवारी, हे काका स्वतःच सांगतात. "आणि म्हणूनच नको. देशभरातली पोरं तेव्हा तिथेच. मार्गाखाली रांग लावायची असेल तर आपलं तहसील कार्यालय काय वाईट आहे?" मग गर्दी टाळून मार्चमध्ये? "मार्चमध्ये कातळ तापतो. तळहाताला घाम, घामाला चॉक, चॉकचा चिखल. चढणार कसे?" हंपीची शिफारस झाली की ते आपली दहा बोटं पुढे करतात. हंपीचा ग्रॅनाइट खरखरीत. दोन दिवसांत बोटांची सालं निघतात आणि तिसऱ्या दिवशी नुसती देवळं बघत फिरावं लागतं. देवळांना त्यांची ना नाही, पण त्यासाठी सत्तर मीटरचा दोर कशाला वाहायचा?

एकदा एका मुलीने चांगला पेच टाकला. "काका, आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा लाहौल कोरडं असतं. छत्रूला मोठमोठे धोंडे आहेत, जुलै-ऑगस्ट हाच तिथला मोसम. जाऊ या?" काका दोन घोट चहा होईपर्यंत गप्प राहिले. आम्हाला वाटलं, गडी चीत. मग म्हणाले, "मुळशीहून गाडीने जायला चार दिवस, यायला चार. रजा नऊ दिवसांची. म्हणजे चढायला एक दिवस. तोही वाटेत दरड कोसळली नाही तर."

घराजवळच्या जागांचीही गत तीच. लिंगाण्याला उन्हाळ्यात पाण्यावाचून जीव जातो. नागफणीला शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या घाटातच अर्धा दिवस संपतो. कोकणकड्याबद्दल ते काही बोलत नाहीत, फक्त आपल्याकडे एकदा बघतात, आणि आपण विषय बदलतो.

पण काकांची खरी प्रतिभा पाहायची तर तैलबैला म्हणावं. दोन अजस्र कातळभिंती, मधली खिंड, भिंतींची उंची दोनशे फुटांच्या वर. आणि हे सगळं आमच्याच तालुक्यात! पौड, मुळशी, भांबुर्डे करत गेलं तर दोन-अडीच तासांत गाडी गावात. सगळ्या महाराष्ट्रातून लोक इथे चढायला येतात. काकांच्या बोलण्यात मात्र तैलबैला मंगळाएवढा दूर आहे.

पावसाळ्याचं नाव काढायची सोय नाही. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. काका हा आकडा कुणी न विचारता सांगतात, लोक मुलाचे दहावीचे टक्के सांगतात तसा. ओल्या बेसॉल्टवर शेवाळ, शेवाळावर बूट आणि बुटात आपण, या क्रमाने ते समजावतात. ऑक्टोबरमध्ये कातळाच्या पायऱ्यांवर कमरेएवढं गवत असतं. खाली होल्ड आहे की साप, हे हात घातल्यावर कळतं. शिवाय तेव्हा भातकापणी. "गावातली माणसं शेतात राबताहेत आणि आपण त्यांच्या डोक्यावर धोंडे पाडायचे? बरं दिसतं का?" हेही खरंच. नोव्हेंबरमध्ये अवकाळीची भीती. डिसेंबरमध्ये लग्नं. काका कुणाचं लग्न चुकवत नाहीत, कारण तिथे नवे श्रोते भेटतात. फेब्रुवारीत वणवे लागतात आणि रान फुललं की कड्यावर आग्या मधमाश्यांची पोळी भरतात. या विषयावर काका तासभर बोलू शकतात: अत्तर लावायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, शेकोटीचा धूर वर जाऊ द्यायचा नाही. आणि इथे विनोद बाजूला ठेवून सांगतो, हा तास ज्यांनी ऐकला ते कड्यावर डोळे वर ठेवून चढतात. भिंतीवर निम्म्यात दोराला लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. काकांच्या भाषणाची थट्टा करणारे आम्ही सगळे डिओडरंट घरी ठेवून निघतो.

राहिले मार्च, एप्रिल आणि मे. त्यांची वासलात ते 'ऊन' एवढ्या एकाच शब्दात लावतात. याच मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला, त्याची सुरुवात झाली ती 1921 च्या रामनवमीला, म्हणजे ऐन एप्रिलात. काका नियोजन समितीवर असते तर तो मार्गशीर्षावर गेला असता.

मध्यंतरी तरुण मंडळींनी लोकशाही आणली. व्हॉट्सॲपवर मतदान घेतलं: बदामी, हंपी, लिंगाणा, तैलबैला. काकांनी पाचवा पर्याय टाकला, 'अजून ठरलेलं नाही'. तोच बहुमताने निवडून आला. कारण सरळ आहे. ठिकाण ठरलं की रजेचा अर्ज आला, घरी सांगणं आलं, गाडी कुणाची आणि डिझेल कुणाचं हे आलं. 'अजून ठरलेलं नाही' यात यातलं काहीच नाही आणि सहलीचा आनंद मात्र शाबूत. बदामीला सोलापूर-विजयपूरवरून जायचं की कोल्हापूर-बेळगाववरून, या वादात आम्ही दोन्ही रस्त्यांवरचे नाश्ते मनाने इतक्या वेळा केलेत की प्रत्यक्ष जाऊन निराशाच व्हायची.

काकांकडे एक जाड वही आहे. डावीकडे ठिकाण, मधे मोसम, उजवीकडे शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'प्रतिकूल', 'विचाराधीन' आणि 'पुढील वर्षी' असे तीनच शब्द फिरतात. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले हे सांगायलाच हवं का?

शेवटी त्या लाहौलवालीनेच त्यांना पकडलं. जानेवारीत म्हणाली, "काका, तैलबैला चढायचा नाहीये. नुसती रेकी करून येऊ. मोसम कसा आहे ते तुम्ही बघून सांगा." रेकीला मोसम लागत नाही. काकांना हरकत सापडेना. काकू आतून म्हणाल्या, "अहो, जा की! इथे बसून हवा कळते का?" दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला काका गाडीपाशी हजर. पाठीवर दोन दोर, हार्नेस, कॅराबिनरांचा झुबका. "असू द्यावं," म्हणाले.

खिंडीत पोहोचल्यावर त्यांनी कातळावर तळवा ठेवला, कोरडा. वर बघितलं, पोळं नाही. वाऱ्याकडे तोंड केलं, मंद. गवत वाळून गेलेलं, ऊन कोवळं, बुधवार असल्यामुळे दुसरा गट नाही. आयुष्यात पहिल्यांदाच काकांच्या चेहऱ्यावर बिनहरकतीची अवस्था दिसली. ते जरा घाबरल्यासारखे वाटले. मग "पहिले बोल्ट धड आहेत का तेवढं बघून येतो" असं म्हणून दोर बांधला आणि चढायला लागले.

बोलणं थांबलेले काका आम्ही प्रथमच पाहत होतो. पाय कुठे ठेवायचा ते पायालाच माहीत असावं, अशी चाल. प्रत्येक होल्ड आधी ठोकून बघायचा, पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. खाली बिले देणारा पोरगा दोर सोडता सोडता तोंड उघडं ठेवून बघत राहिला. एकेका टप्प्यावर "अजून जरा पुढचं बघतो" असा आवाज यायचा. असं जरा जरा करत ते माथ्यावर पोहोचले आणि मागोमाग आम्हा सगळ्यांना त्यांनी वर घेतलं.

वरून घनगड दिसत होता, सुधागड दिसत होता, खाली कोकण पसरलं होतं. काकांनी सगळीकडे नजर टाकली आणि म्हणाले, "पंधरा दिवस आधी यायला हवं होतं. हवा याहून स्वच्छ असते."

परतताना गाडीत त्यांनी वही काढली. आज तरी चौथा शब्द पडणार म्हणून आम्ही मान वळवून बघितलं. तैलबैलासमोर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'रेकी पूर्ण. मोसम अनुकूल असल्यास पुढील वर्षी चढाईचा विचार करण्यास हरकत नाही.' आणि खाली सही केली.